पाहुणे गेल्यानंतर

(दृश्य: कोजागरीची संध्याकाळ. सप्तशृंग गडाच्या पायऱ्या, गर्दी, सांबळाचा आवाज.)

कोजागरी पौर्णिमेला सप्तशृंग गडावर पाणी चालत येतं. कुणी तापीचं, कुणी नर्मदेचं, कुणी गोदावरीचं पाणी कावडीत भरतं, मैलोन्‌मैल पायी आणतं, आणि त्या पाण्याने देवीला अभिषेक होतो. त्याच दिवशी गडावर तृतीयपंथी भक्त जमतात. राज्यभरातून येतात, राज्याबाहेरूनही येतात. मळवट भरलेला, हातात हिरवा चुडा, अंगावर ठेवणीतली साडी. त्यांचा छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, निघतो तेव्हा गर्दी वाट करून देते. एरवी ज्यांना बघून सिग्नलला गाडीची काच वर जाते, त्यांच्या पाया पडायला माणसं पुढे होतात.

नाशिक शहरापासून हा गड साठेक किलोमीटरवर आहे. आम्ही त्या शहरातले काही क्विअर आणि ट्रान्स कलाकार, म्हणजे प्रेमाच्या किंवा स्त्री-पुरुष ओळखीच्या रूढ चौकटीत न बसणारे. परदेशातल्या क्विअर कलाकारांनी इथे येऊन राहावं, आमच्यातल्यांनी तिकडे जाऊन राहावं, दोन्हीकडे पर्यावरणावर प्रयोग उभे करावेत, अशा देवाणघेवाणीची तयारी आम्ही करतो आहोत. कलेच्या जगात याला रेसिडेन्सी म्हणतात. कलाकार काही आठवडे परक्या गावी मुक्काम करतो, तिथल्या लोकांबरोबर काम करतो आणि शेवटी काहीतरी करून दाखवतो. ही फिल्म येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. पण खरं तर ती आधी नाशिककरांनी बघावी असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: पांडवलेण्यांचा डोंगर, पायथ्याला फाळके स्मारक.)

दादासाहेब फाळके इथलेच, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या या माणसाला फाळक्यांनी साडी नेसवली. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर साळुंके रामही झाले आणि सीताही. पंचवटीच्या या गावात ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो, शाळेतल्या मुलांनाही सांगतो.

त्या गोष्टीत एक गाठ आहे. सोंग उतरवून जो पुरुष म्हणून घरी जातो, त्याला टाळ्या मिळतात. आमच्यातल्या काहींचं ते सोंगच नाही, ते त्यांचं रोजचं जगणं आहे. प्रयोगात त्यांची लावणी उचलून धरणारा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी खोली भाड्याने देत नाही. तालमीसाठी ठरवलेला एक हॉल, कोण येणार आहेत हे कळल्यावर, आदल्या रात्री आम्हाला नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. घरमालकाच्या ओसरीपर्यंत हे निकाल अजून पोचायचे आहेत.

(दृश्य: पंचवटीतली एक खोली. जमिनीवर पसरलेल्या जुन्या सुती साड्या, कात्री, शिलाई मशीन.)

पर्यावरण म्हटलं की आमच्यातल्या थोरल्या मावशी आधी कपाट उघडतात. त्या चाळीस वर्षं लावणी करत आल्या आहेत. त्यांच्या नऊवारीला दांड आहे. दोन साड्या मधोमध विरल्या की विरलेला भाग कापून टाकायचा, दोन्हींचे धड तुकडे एकमेकांना जोडायचे, आणि ती शिवण, म्हणजे दांड, निऱ्यांच्या आत जाईल अशी साडी नेसायची. कॅमेरा जवळ नेला तर दिसतं, टाके हाताचे आहेत, बारीक आणि दुहेरी, कारण लावणीत बैठक घेतली की सगळा ताण तिथेच येतो. मावशी सांगतात, नवं गुळगुळीत कापड कासोट्यात सरकतं, धुतलेला जुना सुती कपडा अंगाला धरून राहतो. पायातला चाळ त्यांच्या गुरूकडून आला. पितळी घुंगरू झिजले, पट्टा तीनदा बदलला, आवाज तोच.

त्यांनी हे पृथ्वी वाचवायला केलेलं नाही. नवी साडी परवडत नव्हती. ही गोष्ट झाकून ठेवून त्यांच्या गरिबीला ‘शाश्वत जीवनशैली’चं लेबल लावणं आम्हाला मान्य नाही. पण वस्तू किती काळ पुरवायची, कशी दुरुस्त करायची, कुणाकडे सोपवायची याचं ज्ञान त्यांच्या बोटांत आहे, आणि ज्ञानाला मोल असतं. बाहेरून येणारा कलाकार त्यांच्याकडे शिकायला बसणार असेल, तर मावशी त्या रेसिडेन्सीत शिक्षक आहेत. त्यांना शिक्षकाचं मानधन मिळायला हवं. हार, शाल आणि नारळ यांवर आजवर खूप कलाकारांची बोळवण झाली.

(दृश्य: रामकुंड, मग तपोवनाकडे जाणारं पात्र. पाण्यावर हिरवी पाणवेल.)

आता नदी. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगवते आणि १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या या लांबलचक प्रवासात तिला गाठणारं पहिलं मोठं शहर आमचं. शहरातून बाहेर पडतानाच ती थकलेली दिसते. सांडपाण्यावर पोसलेली पाणवेल तपोवनापुढे पात्र झाकून टाकते. खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. हिवाळ्यात हजारो पाहुणे पक्षी तिथे उतरतात. आमचं पाणी त्यांच्याकडेच जातं.

या नदीसाठी नाशिककर भांडलेही आहेत. सिंहस्थाच्या तयारीत पात्रात ओतलेल्या काँक्रीटने जुनी कुंडं बुजली होती. ते काढावं म्हणून लोक न्यायालयापर्यंत गेले, आणि काही ठिकाणी काँक्रीट निघालंही. गणेशोत्सवात ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत तरुण मुलं घाटावर उभी राहतात आणि विसर्जनाला आलेल्या मूर्ती हात जोडून मागून घेतात. २०२५ च्या अखेरीस, पुढच्या सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या तात्पुरत्या वस्तीसाठी, तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा माणसं त्या झाडांसाठी रस्त्यावर उतरली. त्या गर्दीत आम्हीही होतो. तिथे आम्हाला कुणी तुम्ही कोण असं विचारलं नाही.

सिंहस्थ आला की आमच्यातल्या अनेकांना उज्जैन आठवतं. २०१५ मध्ये तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने किन्नर आखाडा, म्हणजे तृतीयपंथी साधूंचा आखाडा, उभा राहिला आणि २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात त्याची मिरवणूक निघाली. आखाड्याच्या सगळ्या भूमिका आमच्यातल्या सगळ्यांना पटतात असं नाही, त्यावर आमच्यात कडाक्याचे वाद होतात. पण उंटांवर, रथांवर बसून शहराच्या मधोमध गेलेली ती माणसं बघून आमच्यातल्या किती जणांनी पहिल्यांदा मान वर केली, हे आम्हाला माहीत आहे.

(दृश्य: एका अंगणात तुळशी वृंदावन, उसाचा मांडव, बोरं, चिंचा, आवळे.)

पृथ्वीवर प्रेम करायचं म्हणजे काय करायचं, याचा शोध परदेशातल्या क्विअर कलाकारांनीही घेतला आहे. अमेरिकेत एलिझाबेथ स्टीफन्स आणि अ‍ॅनी स्प्रिंकल या जोडप्याने २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझला पृथ्वीशीच लग्न लावलं, समारंभ करून, पाहुणे बोलावून, शपथा घेऊन. पृथ्वीला आई म्हटलं की ती सगळं सोसेल असं माणूस धरून चालतो. जोडीदार म्हटलं तर तिची मर्जी राखावी लागते, असा त्यांचा विचार.

हे आम्ही आमच्या आज्यांना सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. कार्तिकात तुळशीचं लग्न त्या दरवर्षी लावतात. अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं म्हणतात, अक्षता टाकतात. झाडाला नवरी मानणाऱ्या घरात लग्न या गोष्टीची कल्पना किती ऐसपैस आहे! तरीही त्याच घरात दोन बायकांनी एकत्र राहायचं म्हटलं की दार लागतं. आमच्यातल्या एकीला या विषयावर प्रयोग करायचा आहे, स्वतःच्या आजीला सोबत घेऊन. आजी तयार आहे, आईची समजूत घालणं चालू आहे.

(दृश्य: सुरगाण्याकडचा घाटरस्ता. रात्र. मशालींच्या उजेडात बोहाड्याचं सोंग नाचत पुढे येतं.)

पाहुण्यांना आम्ही जिथे नेऊच, ती जागा म्हणजे बोहाडा, मुखवटे घालून सोंगं नाचवण्याचा उत्सव. होळीनंतर, चैत्र-वैशाखात, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवर आणि पलीकडे जव्हार-मोखाड्यात रात्र रात्र सोंगं निघतात. गणपती येतो, सरस्वती येते, नरसिंह येतो, रावण येतो. सांबळ कडाडतो आणि त्यावर एकेक मुखवटा पावलं टाकत पुढे सरकतो. देवींची सोंगंही पुरुषच घेतात. कुठलं सोंग कुणाच्या घरातलं हे ठरलेलं असतं, बापाकडून मुलाकडे आलेलं.

एक मुखवटा आम्हाला हातात घेऊन बघायला मिळाला. पूर्वी हे लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. वरून लाल, पिवळा, काळा रंग, वटारलेले डोळे. उलटा केला तर आतल्या बाजूला जुन्या वर्तमानपत्राची अक्षरं अजून वाचता येतात. कपाळ टेकतं तिथे चिंध्यांची गुंडाळी शिवलेली, घामाने काळी पडलेली. दरवर्षी रंगाचा नवा हात देतात, तडा गेला तर लगदा भरतात. सोंग घेणाऱ्या दादांनी तो आमच्या हातातून परत घेतला आणि पायाला लागणार नाही अशा उंचीवर टांगला.

पाहुण्यांना आमचं एक आर्जव आहे. गडावरचा छबिना आणि पाड्यावरचा बोहाडा हे तुमच्या प्रयोगाचा कच्चा माल नाहीत. ती त्या लोकांची भक्ती आहे, देवाचं काम आहे. आधी बसून बघा. चित्रीकरण विचारून करा, नाही म्हणाले तर कॅमेरा पिशवीत ठेवा. आम्ही शहरातले, मराठी बोलणारे असलो तरी पाड्यावर आम्हीही पाहुणेच असतो, म्हणून हा नियम आम्हालाही लागू आहे.

(दृश्य: मुंबईहून येणारी पंचवटी एक्सप्रेस, कसारा घाट.)

मग प्रश्न येतो विमानाचा. पर्यावरणावर नाटक करायला येणारा कलाकार युरोपातून मुंबईला आला आणि परत गेला, तर त्याच्या एकट्याच्या प्रवासापोटी साधारण एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारतातल्या माणसाचं अख्ख्या वर्षाचं सरासरी उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाणं आम्हाला लबाडी वाटते.

फ्रान्समधले नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांनी २०१९ मध्ये ठरवलं की आपला संच यापुढे विमानाने जाणार नाही. तालमी व्हिडिओ कॉलवर घ्यायच्या, प्रयोग त्या-त्या देशातल्या कलाकारांनी करायचे. आम्हाला त्या निर्णयाबद्दल आदर आहे. पण पॅरिसमध्ये बसून जगाला माहीत असलेल्या माणसाने प्रवास सोडणं वेगळं, आणि जिला आजवर कुणी बोलावलंच नाही तिला ‘आता प्रवास करणं बरं नाही’ असं सांगणं वेगळं. विमानं कमी करायची असतील तर ज्यांनी भरपूर प्रवास केला त्यांनी आधी कमी करावीत.

म्हणून आमचं म्हणणं असं. यायचं तर आठ दिवसांसाठी येऊ नका, दोन-तीन महिने राहा. पावसाळा बघा, द्राक्षांची छाटणी बघा, लासलगावला कांद्याचा लिलाव बघा. मुंबईहून पंचवटीने या, घाट चढताना पश्चिम घाटाची ओळख होईल. नेपथ्य सोबत आणू नका. लाकूड, बांबू, तांब्या-पितळेचं काम, येवल्याचं विणकाम, वाळवलेली पाणवेल, सगळं इथे आहे आणि ते हाताळणारी माणसं आहेत. आणि प्रयोग संपल्यावर थर्माकोलचा ढीग मागे राहिला नाही तर बरं.

(दृश्य: टेबलावर अर्ज, फोटो, झेरॉक्स. दोघी जणी कागद लावताना.)

देवाणघेवाणीतली दुसरी बाजू इथे अडते. तिकडचे इकडे सहज येतात, इकडचे तिकडे जाताना कागदांत अडकतात. आमच्यातल्या एकीच्या आधार कार्डावर एक नाव आहे, दहावीच्या दाखल्यावर दुसरं. फोटोतल्या चेहऱ्याला मिशी आहे. २०१९ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून तृतीयपंथी म्हणून ओळखपत्र घेण्याची सोय झाली, पण त्यानंतर बँक, पॅन, पासपोर्ट, प्रत्येक ठिकाणी नव्याने रांग लावायची आणि प्रत्येक खिडकीवर नव्याने स्वतःला समजावून सांगायचं. व्हिसासाठी बँकेत शिल्लक दाखवावी लागते, पगाराची पावती मागतात. हळदीच्या, बारशाच्या कार्यक्रमांत नाचून पोट भरणारीने पगाराची पावती कुठून आणायची?

परदेशातल्या संस्थांनी याचा विचार आधी करायला हवा. निमंत्रणपत्र निदान सहा महिने आधी द्यावं. त्यात मानधन, राहणं, विमा, सगळं स्पष्ट लिहावं, म्हणजे दूतावासात प्रश्न उरत नाहीत. व्हिसाची फी आणि मुंबईच्या खेपांचा खर्च उचलावा. व्हिसा नाकारला गेला तरी ठरलेलं मानधन द्यावं, कारण त्या तारखांची इतर कामं तिने सोडलेली असतात. अर्ज मराठीत किंवा बोलून रेकॉर्ड करून पाठवला तर चालावा. उत्तम कलाकाराला उत्तम इंग्रजी अर्ज लिहिता येतोच असं नाही.

आणि इथे नाशिकमध्ये एक जागा हवी. तालमीला, शिवणकामाला, मुखवटे वाळवायला, आणि घरातून बाहेर काढलेल्या एखाद्या पोराला चार रात्री झोपायला. भाडं पाहुण्यांच्या तीन महिन्यांचं न मिळता वर्षाचं मिळावं, हा आमचा आग्रह आहे. रेसिडेन्सी संपली, फुलं वाळली, फोटो छापून आले, की इथला कलाकार पुन्हा एकटा पडतो. ते यावेळी व्हायला नको.

इथून तिकडे जाणारं पहिलं नाव आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं आहे, थोरल्या मावशींचं. दांड कसा घालायचा ते त्या तिकडच्या कलाकारांना शिकवणार आहेत आणि एक लावणी करणार आहेत. तुणतुणं, ढोलकी कोण वाजवणार यावर चर्चा चालू आहे. त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा अजून मिळालेला नाही. त्यासाठी सोमवारी त्यांच्या गावी, जुन्या शाळेत जायचं आहे.