फाईल नेमकी आहे कुठे? क्रोमबुकच्या रोजच्या वापराविषयी

मंडळी, क्रोमबुक (गुगलच्या क्रोमओएस या यंत्रणेवर चालणारा लॅपटॉप) घेऊ का, असा प्रश्न आला की बहुतेकांना उत्तर किमतीत हवं असतं. विंडोजच्या बऱ्या लॅपटॉपच्या निम्म्या पैशांत हा मिळतो, मग घ्यावा की नाही? आज आपण किमतीकडून सुरुवात करणार नाही. हे यंत्र तुमच्या कामाचं आहे की नाही, हे एकाच प्रश्नावर ठरतं: तुमची फाईल कुठे राहते आणि ती कोणत्या प्रोग्रामात उघडते?

थोडी पार्श्वभूमी. गुगलने क्रोमओएसची घोषणा २००९ मध्ये केली आणि २०११ च्या जूनमध्ये सॅमसंग आणि एसर यांची पहिली क्रोमबुकं विक्रीला आली. कल्पना सरळ होती. ब्राउझर हाच संगणक. फायली गुगलच्या सर्व्हरवर. लॅपटॉप म्हणजे तिथवर पोचायचं दार. पुढे अँड्रॉइडची अ‍ॅप्स आली, लिनक्स आलं, पण यंत्राचा पिंड तोच राहिला. म्हणून तर ४ जीबी रॅम आणि ३२ किंवा ६४ जीबी साठवण एवढ्यावर ते भागवू शकतं.

घेण्याआधीची चाचणी फुकट आहे. सध्याच्या संगणकावर आठ दिवस फक्त क्रोम ब्राउझर वापरा, दुसरा एकही प्रोग्राम उघडू नका. जिथे अडाल तिथे कागदावर टिपून ठेवा. मेल, बँक, वीजबिल, सातबारा, मुलांचा ऑनलाइन वर्ग, व्हॉट्सअ‍ॅप वेब, पत्रलेखन, साधे हिशेब यांपैकी कशातच अडणार नाही. अडाल ते तीन-चार ठरावीक ठिकाणी, आणि ती ठिकाणं महाराष्ट्रात जरा जास्तच भेटतात.

पहिलं ठिकाण फॉन्टचं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेल्या जुन्या फायली ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नीट ऐका. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, पाळत नाहीत. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक क्रमांक असतात आणि फॉन्ट नसला की मजकुराचा चक्क कचरा होतो. क्रोमओएसवर बाहेरचा फॉन्ट यंत्रणेत बसवायची सोय नाही. तेव्हा अशा फायली आधी विंडोजवर युनिकोडमध्ये बदलून घ्या. निदान पीडीएफ तरी करून घ्या, म्हणजे वाचता येतील.

दुसरं, डिजिटल सहीचं टोकन. यूएसबीचा तो छोटा तुकडा चालायला त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण संगणकाशी जोडणारा प्रोग्राम) आणि सहीची युटिलिटी लागते, आणि ती क्रोमओएससाठी बनत नाही. सरकारी निविदा भरणाऱ्या ठेकेदाराने क्रोमबुकच्या वाटेला जाऊच नये. प्राप्तिकराचं विवरणपत्र आधारच्या ओटीपीने पडताळणाऱ्या नोकरदाराला मात्र काहीच अडचण नाही. हिशेबाच्या टॅलीचं मात्र टोकनसारखंच. ती क्रोमबुकवर थेट चालत नाही. दुकानातल्या विंडोज संगणकावर ठेवून दुरून उघडता येते, पण मग तो संगणक आणि त्याचं नेट दोन्ही सतत चालू हवं. एक्सेलच्या मॅक्रोंचं, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचं, काय? गुगल शीट्स एक्सेलची फाईल उघडतं, सूत्रंही बहुतेक नीट येतात, पण एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो चालत नाहीत.

तिसरं ठिकाण प्रिंटर. इथे सगळ्यात जास्त मनस्ताप होतो. क्रोमबुकला प्रिंटरबरोबर आलेल्या सीडीचा किंवा डाउनलोड केलेल्या ड्रायव्हरचा काही उपयोग नाही. वायफायवर चालणारे, आयपीपी ही नेटवर्कवरून छापायची पद्धत जाणणारे नवे प्रिंटर त्याच नेटवर्कवर असले की आपोआप यादीत येतात. पण घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत जे जुने छोटे लेझर प्रिंटर आहेत, उदाहरणार्थ कॅननचा एलबीपी २९००, ते पानाचं चित्र स्वतः तयार करत नाहीत. ते काम संगणकातला ड्रायव्हर करतो. तो ड्रायव्हर क्रोमओएससाठी नाही, म्हणून केबल जोडली तरी कागद बाहेर येत नाही. पूर्वी गुगल क्लाउड प्रिंटचा, म्हणजे इंटरनेटवरून छापायचा, वळसा होता, ती सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली. आता एकच उपाय उरतो. पीडीएफ करा आणि प्रिंटर जोडलेल्या दुसऱ्या संगणकाकडे पाठवा. रोज दहा पानं छापणाऱ्याला हे परवडणार नाही.

या चाळणीतून जे पार झाले त्यांच्यासाठी आता खरेदी. दुकानदार पडदा आणि प्रोसेसर दाखवेल. तुम्ही आधी अपडेटची तारीख विचारा. प्रत्येक मॉडेलला सुरक्षेची अपडेट्स कधीपर्यंत मिळणार, हे ठरलेलं असतं. २०२३ मध्ये गुगलने ही मुदत दहा वर्षांची केली. २०२१ आणि त्यानंतरच्या मॉडेलांना ती आपोआप मिळते. पण ही वर्षं तुमच्या पावतीच्या तारखेपासून मोजत नाहीत, ते मॉडेल ज्या हार्डवेअरवर बेतलं आहे ते बाजारात आलं तेव्हापासून मोजतात. त्यामुळे सेलमध्ये मिळालेल्या 'नव्या कोऱ्या' लॅपटॉपची निम्मी मुदत गोदामातच संपलेली असू शकते. गुगलच्या मदत पानावर कंपनी आणि मॉडेलनुसार यादी आहे. यंत्र हातात असेल तर सेटिंग्ज, अबाउट क्रोमओएस, अ‍ॅडिशनल डिटेल्स या वाटेने गेलं की तारीख समोर दिसते. मुदत संपली म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. ब्राउझर मात्र तिथेच थांबतो, आणि थांबलेल्या ब्राउझरवर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही.

मग रॅम. ४ जीबीवर दहा-बारा टॅब चालतात. त्याबरोबर व्हिडिओ कॉल सुरू केला की यंत्र धापा टाकायला लागतं. ८ जीबी मिळत असेल तर तिथे पैसे घाला, कारण बहुतेक स्वस्त मॉडेलांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते, नंतर वाढत नाही. ४ जीबीचाच घेतला असेल तर दोन गोष्टी करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू ठेवा, आणि अँड्रॉइड अ‍ॅप्स लागत नसतील तर प्ले स्टोअर बंदच करा, कारण त्यामागे अख्खी वेगळी यंत्रणा चालते. कोणता टॅब किती मेमरी खातोय हे सर्च आणि एस्केप एकत्र दाबलं की दिसतं. पडदा १३६६ बाय ७६८ चा असेल तर मराठी पीडीएफमधली जोडाक्षरं बारीक दिसतात. कंट्रोल, शिफ्ट आणि अधिकचं बटण दाबून सगळंच मोठं करता येतं.

चार्जर यूएसबी-सी असतो, म्हणून कुणीही हाताशी असलेला मोबाईलचा लावतं. लॅपटॉपबरोबर बहुधा ४५ वॅटचा येतो. मोबाईलच्या चार्जरने 'लो पॉवर'ची सूचना येते, आणि काम चालू असताना बॅटरी भरायच्या ऐवजी उतरतेसुद्धा.

आता मूळ प्रश्नाकडे, फाईल कुठे आहे? क्रोमबुकवर तिच्या दोन जागा आहेत आणि बाहेरून त्या सारख्याच दिसतात. फाइल्स अ‍ॅपमध्ये 'गुगल ड्राइव्ह'खाली असेल ते सर्व्हरवर आहे. 'डाउनलोड्स'मध्ये असेल ते फक्त या लॅपटॉपमध्ये आहे, त्याची दुसरी प्रत कुठेही नाही. सगळं क्लाउडवर असतं या समजुतीने लोक वर्षभराच्या पावत्या डाउनलोड्समध्ये साठवतात आणि एक दिवस यंत्र रीसेट करावं लागतं. म्हणून पहिल्याच दिवशी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोडची जागा बदलून ड्राइव्हमधला एखादा फोल्डर निवडा.

तिथेही जागा मोजकी आहे. फुकट १५ जीबी, आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह, फोटो सगळे वाटेकरी. जून २०२१ पासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. जागा भरली की नवे मेल यायचे थांबतात, आणि हे अनेकांना बँकेचा ओटीपी मेलवर आला नाही तेव्हाच कळतं.

नेट गेलं की काय? लोडशेडिंगमध्ये लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र झोपतो. मोबाईल केबलने जोडून त्याचं नेट घेता येतं. तेही नसेल त्या वेळेसाठी ड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ऑफलाइनची खूण करा आणि लागणाऱ्या फायलींपुढे 'अव्हेलेबल ऑफलाइन' चालू करा. हे नेट असतानाच करायचं असतं. नेट गेल्यावर धावपळ करून काही मिळत नाही.

मराठी टायपिंगसाठी सेटिंग्जमध्ये इनपुट्सखाली मराठी जोडा. दोन भाषांमध्ये कंट्रोल आणि स्पेसने अदलाबदल होते. कॅप्स लॉक आणि डिलीट ही बटणं शोधू नका, नाहीत. ऑल्ट-सर्चने कॅप्स, सर्च-बॅकस्पेसने डिलीट.

पासवर्डबद्दल मात्र जरा थांबायला हवं. क्रोमबुकमधला तुमचा मजकूर तुमच्या पासवर्डच्या आधाराने कुलूपबंद असतो. समजा फोनवरून गुगलचा पासवर्ड बदललात. क्रोमबुक नवा पासवर्ड घेईल, पण आतलं कुलूप अजून जुन्या किल्लीचं आहे, म्हणून एकदा जुनाही मागेल. तो आठवला नाही तर डाउनलोड्समधलं सगळं सोडून पुढे जावं लागू शकतं. नव्या आवृत्त्यांत 'लोकल डेटा रिकव्हरी' ही सोय आहे, पण ती आधीपासून चालू असायला हवी. लॉक स्क्रीनच्या सेटिंग्जमध्ये आजच बघून घ्या.

बिघडलं तर पायऱ्या अशा. अडकून बसलं तर रिफ्रेश आणि पॉवर एकत्र दाबा, यात डाउनलोड्समधल्या काही फायली जाऊ शकतात. तरी विचित्र वागलं तर साइन-इनच्या पडद्यावर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि आर दाबून पॉवरवॉश. यात सगळं पुसलं जातं. क्रोमओएस सापडत नाही किंवा खराब झालं आहे असा संदेश आला तर रिकव्हरी करावी लागते. दुसऱ्या संगणकावरच्या क्रोममध्ये क्रोमबुक रिकव्हरी युटिलिटी हे एक्स्टेंशन टाका, मॉडेल निवडा आणि किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रत बनवा. मग क्रोमबुकवर एस्केप, रिफ्रेश आणि पॉवर दाबून तो पेनड्राइव्ह लावा. प्रत बनताना पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.