गाडी गेली कुठं?

[दृश्य: मोबाइलचा पडदा. बिनरंगाचा, करडा रोबोट. बोटांनी फोटो मोठा केला जातो.]

ट्रान्सफॉर्मर म्हणजे गाडीचा रोबोट होणारं खेळणं. नवीन ट्रान्सफॉर्मरची पहिली खबर बऱ्याचदा अशीच येते. अंगावर रंग नाही, डोळ्यांत चमक नाही, सगळा करडा. टोकियोचा टॉय शो, जुलैमध्ये सॅन दिएगोचा कॉमिक कॉन, मधल्या काळात कंपन्यांचे लाइव्ह कार्यक्रम. तिकडं पडदा उघडतो आणि इकडं कोल्हापुरात आमच्या ग्रुपवर फोटो धडाधड पडायला लागतात. "चेहरा बघ की", "छाती लई भारी", "बंदूक कसली दिलीय."

मला हा करडा फोटो रंगीत फोटोपेक्षा जास्त आवडतो. रंग पुष्कळ काही झाकतो. करड्या नमुन्यावर प्रत्येक पिन दिसते, प्रत्येक फट दिसते, कुठला भाग कुठं वळणार याची रेघ दिसते.

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर. अर्धं उघडं शटर, लेथचा आवाज. टेबलावर व्हर्नियर, लाकडी पॅटर्न, त्याच्या शेजारी लाल-निळा रोबोट.]

मी पॅटर्नमेकर आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो आकार उठवावा लागतो, त्याचा नमुना बनवणं हे माझं काम. शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना असे पॅटर्न सतत लागतात. दिवसभर आकाराच्या आत काय चाललंय हे बघायची डोळ्यांना सवय लागलेली असते. घरी येऊन रोबोट हातात घेतला तरी तेच डोळे.

नवीन खेळणं जाहीर झालं की माझा पहिला प्रश्न एकच. रोबोट उभा आहे, छान आहे. मग गाडी गेली कुठं?

गाडीला टप असतो, बॉनेट असतं, चार दारं, चार चाकं, काचा. यातलं काहीच नाहीसं होत नाही. रोबोटच्या अंगावर ते कुठंतरी असतंच. चांगल्या डिझाइनमध्ये बॉनेटची छाती होते, दारांचे खांदे होतात, चाकं पोटरीत जाऊन बसतात. गाडी रोबोटच्या अंगात मुरते. जिथं डिझाइनरनं अंग काढून घेतलंय तिथं आत वेगळाच एक सडपातळ रोबोट असतो आणि सगळी गाडी चपटी करून त्याच्या पाठीला टांगलेली असते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसला प्रकार. समोरून फोटो काढला की तो झकास दिसतो. म्हणून कंपनीचा फोटो बहुतेक वेळा समोरूनच असतो, फार तर जरासा तिरका. पाठीचा फोटो येईपर्यंत मी कुठल्याही रोबोटला चांगलं म्हणत नाही.

[दृश्य: जुन्या लाल-निळ्या ट्रकचा क्लोजअप. छातीवरची काच बोटानं उघडली जाते. आत छोट्या खुर्च्या.]

हे खेळणं मुळात जपानचं. टाकारा कंपनीनं १९८० मध्ये डायक्लोन नावाची मालिका काढली. त्यातले रोबोट स्वतःच्या मर्जीनं चालत नव्हते. त्यांना चालवणारी इवलीशी माणसं होती, आणि पायांत लोहचुंबक असल्यामुळं ती खेळण्याच्या धातूच्या भागाला चिकटून उभी राहायची. १९८३ मध्ये बॅटल कॉन्व्हॉय नावाचा ट्रक आला. १९८४ मध्ये अमेरिकेच्या हॅसब्रो कंपनीनं डायक्लोन आणि मायक्रोमॅन या दोन मालिकांमधली खेळणी उचलली, त्यांना नावं, स्वभाव आणि एक युद्ध दिलं. बॅटल कॉन्व्हॉयचा ऑप्टिमस प्राइम झाला. चालक गेले, पण त्यांच्या खुर्च्या राहिल्या. म्हणून ऑप्टिमसच्या छातीवरच्या काचा आजही उघडतात.

ही छाती म्हणजेच ट्रकचं तोंड. डोकं मागं पलटायचं, हात पाठीमागं घ्यायचे, दोन्ही पाय जोडून मागं आडवे करायचे, झाला ट्रक. मागची चाकं पायांवर उघडी दिसतात आणि ती लपवायचा कुणी प्रयत्नही केलेला नाही. गाडी गेली कुठं, या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसऱ्या कुठल्या खेळण्यात मिळालेलं नाही.

त्याची उणीवही तितकीच उघड होती. रोबोट झाल्यावर तो जेमतेम उभा राहायचा. मांडी कमरेतून बाजूला जात नव्हती, मान वळत नव्हती, मुठी सुट्या असायच्या आणि हरवायच्या. खेळणं गाडी म्हणून जिवंत आणि माणूस म्हणून लाकडी.

[दृश्य: जुना आणि नवा कॉन्व्हॉय शेजारी शेजारी. नव्याचा पाय वाकतो, जुना ताठ.]

म्हणूनच टाकारा टोमीनं २०२४ मध्ये मिसिंग लिंक ही मालिका आणली तेव्हा मी खरोखर हरखलो. पहिला नंबर कॉन्व्हॉयचाच, म्हणजे आपल्या ऑप्टिमसचा. ठेवण तीच, जुन्या खेळण्याची. ट्रकचं तोंड तेच, ट्रेलर तोच. पण आत सांधे नव्यानं बसवलेत. गुडघा वळतो, कोपर वळतं, खांदा फिरतो. बंदूक धरून तो खराखुरा पवित्र्यात उभा राहतो. पुढं बम्बल, म्हणजे आपला बम्बलबी, आणि क्लिफ हे छोटे गडी आले. त्यांची जुनी खेळणी तर हातांची किरकोळ हालचाल सोडली तर ठोकळेच होती.

यात अवघड काय आहे, ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. नवीन डिझाइन करताना सांध्यासाठी लागेल तेवढी जागा आधीच सोडता येते. इथं बाहेरचा आकार ठरलेला. चाळीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेला आकार, तो मिलिमीटरनंही बिघडवायचा नाही, आणि आत सांधा घुसवायचा. गिऱ्हाईक जुनं पंपाचं कव्हर आणून ठेवतं आणि म्हणतं, बाहेरून असंच पाहिजे, आतला मार्ग बदला. ते काम नव्या पॅटर्नपेक्षा जास्त डोकं खातं. मिसिंग लिंकच्या डिझाइनरनं ते पत्करलं आणि तडीस नेलं. गेल्या काही वर्षांत जाहीर झालेल्या सगळ्या खेळण्यांत माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

[दृश्य: रोबोटचा हात उलटा करून. कोपराच्या मागं पोकळ खाच.]

आता ही पोकळी. नव्या रोबोटबद्दल सगळ्यात जास्त ओरड हिचीच असते. हाताच्या मागं खाच, पायाच्या आत खाच, जणू कुणीतरी चमच्यानं गर काढून घेतलाय.

इथं मी कंपनीची थोडी बाजू घेतो. लोखंड असो की प्लास्टिक, गरम भरतं आणि गार होताना आकसतं. एका ठिकाणी जाड आणि शेजारी पातळ असेल तर जाड भाग उशिरा गार होतो आणि तिथं पृष्ठभाग आत ओढला जातो. कास्टिंगमध्ये याच कारणानं आत पोकळी धरते, प्लास्टिकमध्ये वर खड्डा पडतो. म्हणून भिंत सगळीकडं सारखी ठेवावी लागते, आणि भरीव हात भरीव म्हणून ओतता येत नाही. तेव्हा खाच ही चूक नाही. त्या खाचेवर झाकण न बसवणं ही काटकसर आहे. झाकण म्हणजे साच्यात आणखी एक भाग, जोडणीला आणखी एक हात. २०१९ मध्ये अमेरिकेत डिलक्स आकाराचा रोबोट १९.९९ डॉलरला मिळायचा. पुढच्या काही वर्षांत तोच आकार २५ डॉलरच्या आसपास गेला. एवढे पैसे घेऊन पुढच्या बाजूची, उघड दिसणारी खाच तशीच ठेवली तर मला ते पटत नाही. पायाच्या आतल्या बाजूची असेल तर चालतं.

दुसरी ओरड, एकच साचा पुन्हा पुन्हा वापरण्याची. डोकं बदललं, रंग बदलला, नवीन नाव दिलं. यात मला काही गैर वाटत नाही. १९८४ मध्येच स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तिन्ही विमानं एकाच साच्यातून निघाली होती. साचा महाग असतो, तो एकदा केला की त्यातून जास्तीत जास्त माल निघाला पाहिजे. उद्यमनगरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फक्त पहिला साचा चांगला पाहिजे. मुळात लूज असलेला सांधा पाच रंगांत विकला तर तो पाच वेळा लूज.

[दृश्य: खिडकीच्या उजेडात पारदर्शक भाग. बिजागरीपाशी बारीक पांढरी रेघ.]

ही रेघ नीट बघा. काच दाखवायची म्हणून छताचा सगळा भाग पारदर्शक प्लास्टिकचा केलाय, आणि त्याच भागात बिजागरीची पिन ठोकलीय. पारदर्शक प्लास्टिक कडक असतं, ते वाकत नाही, तडकतं. पिनेभोवती आधी पांढरट रेघ येते, मग तुकडा हातात येतो. अंगाचं प्लास्टिक बहुतेक एबीएस असतं, ते थोडं सोसतं. सांध्याला पीओएम नावाचं प्लास्टिक वापरलं तर ते गुळगुळीत चालतं, लवकर झिजत नाही, पण त्यावर रंग धरत नाही. हे सगळं जाहिरातीच्या फोटोत शोधता येतं. काचेचा तुकडा छतालाच जोडलेला दिसतोय का? रंगाचा पोत सांध्याजवळ अचानक बदलतोय का? चेहऱ्याइतकंच हेही मोठं करून बघायला पाहिजे.

[दृश्य: रंकाळ्याचा कट्टा, संध्याकाळ. दोघं-तिघं जमलेले. एक पोरगा रोबोट उलगडतोय.]

आम्ही अधूनमधून रंकाळ्यावर जमतो. प्रत्येकानं एकेक रोबोट आणायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा, सूचनांचा कागद न देता. माझा भाचाही येतो. त्याला एज ऑफ द प्राइम्स आवडते, २०२५ पासूनची मालिका, पहिल्या तेरा प्राइमांची, म्हणजे गोष्टीतल्या रोबोटांच्या आद्य पुढाऱ्यांची.

"मामा, ह्यांची गाडी कुठली ते कुणाला म्हाईत हाय? मग गाडी गेली कुठं म्हणून कसं विचारणार तुम्ही?"

त्याचा मुद्दा बिनतोड आहे. ऑप्टिमसचा ट्रक ठरलेला, बम्बलबीची गाडी ठरलेली. या आद्य प्राइमांपैकी काहींना स्वतःचं पूर्ण आकाराचं खेळणं पहिल्यांदाच मिळतंय. डिझाइनरचे हात मोकळे आहेत. त्यांनी बनवलेला दुसरा आकार आमच्या जगातल्या कुठल्याच गाडीसारखा नसला तरी चालतो. मला यात संधी दिसते आणि भीतीही वाटते. गाडी ओळखीची असली की चूक लगेच पकडली जाते. दारात फट राहिली, चाक टेकलं नाही, तर लहान पोरगंसुद्धा सांगतं. अनोळखी यंत्राला काहीही खपून जातं. रोबोटला पालथा झोपवायचा, पाय जोडायचे आणि म्हणायचं हे अंतराळयान. या मालिकेतलं प्रत्येक नवीन नाव जाहीर झालं की मी म्हणूनच दुसरा आकार आधी बघतो.

त्या पोरानं मात्र कट्ट्यावर बसून, पाण्याकडं बघत, हाताखाली न बघता ट्रकचा रोबोट केला. प्रत्येक भाग "टक्" करून जागेवर बसला. पुढची पायरी बोटांना आपोआप सापडत गेली. चांगल्या खेळण्याची ही परीक्षा कुठल्याच फोटोत दिसत नाही.

[दृश्य: खोके. काही उघड्या खिडकीचे, काही काच असलेले.]

खोक्यांबद्दल थोडक्यात. प्लास्टिक कमी करायचं म्हणून हॅसब्रोनं खोक्यांवरची पारदर्शक खिडकी काढली, आणि २०२३ मध्ये ती परत आणायचं जाहीर केलं. खिडकी परत आली ते ठीक. आतली प्लास्टिकची बंधनं जाऊन कागदी दोऱ्या आल्यात, त्या मात्र तशाच राहाव्यात. जपून सोडल्या तर परत वापरता येतात.

आता पैशाचं. परदेशात जाहीर झालेलं खेळणं इथं पोहोचताना काय होतं? फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंची तपासणी व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण त्यामुळं बरीच मॉडेल भारताच्या दुकानात येतच नाहीत, आणि जी बाहेरून मागवावी लागतात त्यांची किंमत घरात सांगताना जपून सांगावी लागते. यात्रेच्या स्टॉलवर नकली माल मिळतो, स्वस्तही असतो. लहान पोरांना खेळायला तो घेतला तर मी कुणाला नावं ठेवणार नाही. त्याचे सांधे मात्र महिन्याभरात सैल पडतात.

[दृश्य: खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ. रहदारी. परत उद्यमनगर.]

मला राहून राहून वाटतं, हे खेळणं इथं का बनू नये? एमआरएफ आणि हॅसब्रोनं १९८७ मध्ये मिळून काढलेल्या फनस्कूलनं भारतात जी. आय. जो नावाचे खेळण्यातले सैनिक बनवले. फनस्कूलचा कारखाना इथून जवळ, गोव्यात आहे. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा बघून याच गावात आपला कॅमेरा बनवला आणि त्यावर सिनेमा काढला. साचा करणारे हात इथं आहेत. पॅटर्नमधला कोन कुठं किती ठेवायचा, भाग साच्यातून अडकल्याशिवाय कसा सुटेल, हे इथल्या जुन्या मिस्त्र्यांना तोंडपाठ आहे. लागतो तो एक डिझाइनर, ज्याला गाडीही आवडते आणि तिच्या आतला गडीही दिसतो.

[दृश्य: संगणकाचा पडदा. प्रीऑर्डरचं पान.]

सध्या माझ्यासमोर दोन गोष्टी आहेत. एक हॅसब्रोच्या हॅसलॅबची. तिथं कंपनी आधी चित्र आणि नमुना दाखवते, ठरलेली संख्या भरली तरच खेळणं बनवते. २०१९ मध्ये युनिक्रॉनसाठी ८,००० गिऱ्हाइकं लागत होती, एकेकाचे ५७५ डॉलर. ती भरली आणि तो ग्रहाएवढा राक्षस खरंच बनला. २०२४ मध्ये ओमेगा प्राइमही असाच मंजूर झाला. या पद्धतीचा मला आदर आहे, कारण एरवी इतकं मोठं काम कुणी हाती घेतलं नसतं. पण हातात न घेतलेल्या सांध्यासाठी एवढी रक्कम वर्षभर आधी गुंतवायला मी तयार नाही.

दुसरी गोष्ट मिसिंग लिंकची. पुढचा जो गडी येईल, त्याच्या पाठीचा फोटो बघायचा, काचेचा भाग कुठं जोडलाय ते बघायचं, आणि ते ठीक असेल तर पैसे भरायचे. भाच्याचं म्हणणं, त्यानं माझ्या आधीच भरलेत.