आठ वेढ्यांची कॉइल

हे यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, दारव्ह्याच्या अलीकडचं, आणि ती बांबूवरून कडुलिंबाकडे गेलेली तार दिसतेय ना, ती कपडे वाळवायची नाही. सहा मीटर सरळ वर, मग तीन मीटर आडवी. ४० मीटर बँडचा अँटेना आहे तो, आपल्याकडे हौशी रेडिओवाल्यांना ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ मिळतं त्या बँडचा. खाली धुऱ्यावर पसरलेल्या सोळा तारा म्हणजे रेडियल, अँटेनाची जमिनीकडची बाजू; वखर फिरायच्या आधी गुंडाळून ठेवाव्या लागतात आणि दरवेळी एखादी तुटतेच.

खाटेवर बसलेत ते रिटायर्ड गुरुजी. परीक्षा देऊन लायसन काढलेले. लॅपटॉप नातीचा.

भानगड अशी आहे की या बँडला पाव तरंगलांबी म्हणजे साधारण १० मीटर तार लागते, इथं बसली ९ च. रेडिओला समोर ५० ओहम दिसायला पाहिजे, ही आखूड तार दाखवते २० ओहम आणि वरून उणे ६० ओहम रिअ‍ॅक्टन्स, म्हणजे कपॅसिटरसारखा अडथळा. एसडब्ल्यूआर, जुळणी किती बिघडलीय तो आकडा (१ म्हणजे अचूक), ६ च्या वर, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी अर्ध्याहून जास्त अँटेनावरून माघारी. रेडिओतले बिल्ट-इन ट्युनर, म्हणजे ही जुळणी करून देणारे सर्किट, बहुतेक ३ पर्यंतच सांभाळतात. मग लोक काय करतात, महागडा ट्युनर मागवतात, डबा शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत ठेवतात, आणि लॉस होतो तो बाहेरच्या केबलमध्ये, तो तसाच राहतो. गुरुजींचं म्हणणं, जिथं दुखतं तिथंच पट्टी बांधा, अँटेनाच्या बुडाशी. मलाही ते पटतं, म्हणून तर हा व्हिडिओ.

हे तळहाताएवढं यंत्र नॅनोव्हीएनए, अँटेना किती ओहम दाखवतो ते मोजणारं. आधी ओपन, शॉर्ट, लोड असं कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे टोक उघडं ठेवून, जोडून आणि ५० ओहम लावून. पहिल्या दिवशी ते केलं घरात, केबलच्या अलीकडच्या टोकाला, आणि मोजलं पंधरा मीटर केबलमधून. आकडा आला तो अँटेनाचा नव्हताच, केबलनं फिरवून दिलेला होता, त्यावर बनवलेली कॉइल वाया. त्या दिवसाचं शूटिंग नाही आपल्याकडे. हे दिसतंय ते दुसऱ्या दिवशीचं, नात बांबूच्या बुडाशी उकिडवी बसून मोजतेय.

आता स्क्रीन बघा. सॉफ्टवेअरचं नाव सिमस्मिथ, फुकट आहे, जावावर चालतं. मोजणीची फाइल सरळ आत टाकली. सर्किट उलटं दिसतं, लोड म्हणजे अँटेना डावीकडे, रेडिओ उजवीकडे, गुरुजी तिथंच अडले.

"काऊन वं, अँटेना इकडं कसा आला?"

"आबाजी, डावीकडून वाचा ना, अँटेनापासून रेडिओकडे."

आणि हे गोल जाळं म्हणजे स्मिथ चार्ट. बेल लॅब्जच्या फिलिप स्मिथनं १९३९ मध्ये छापला, तेव्हा कागदावर कंपास घेऊन करायचे, आता माऊसनं. तो ठिपका म्हणजे मोजलेला अँटेना, खालच्या अर्ध्यात पडलाय बघा. नात सीरीजमध्ये कॉइल टाकते, आकडा वाढवत जाते, ठिपका वर्तुळावरून घड्याळाच्या काट्यासारखा फिरत वरच्या अर्ध्यात चढतो. तिथं थांबायचं. मग रेडिओच्या बाजूनं जमिनीला कपॅसिटर, की ठिपका दुसऱ्या वर्तुळावरून उतरतो आणि बरोब्बर मधोमध, म्हणजे ५० ओहमवर येऊन बसतो. हा शॉट मी तीनदा घेतला, इतका आवडला. कॉइल १.९ मायक्रोहेन्री, कपॅसिटर ५५० पिकोफॅरड. गुरुजींनी तेच वहीत वर्गमूळ काढून ताळा केला, जुळलं.

सॉफ्टवेअर कॉइल आदर्श धरतं, तुम्ही क्यू, म्हणजे कॉइल स्वतः किती कमी पॉवर खाते तो आकडा, भरला नाही तर. तो भरा. नाहीतर स्क्रीनवर सगळं गोड दिसतं.

कॉइलची तार जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगमधली. पाइप ३२ मिलिमीटरचा पीव्हीसी, शेतातलाच. आठ वेढे, लांबी २३ मिलिमीटर. वेढे ताणले की इंडक्टन्स कमी होतो, दाबले की वाढतो, गुरुजींची बोटं बघा, अर्धा-अर्धा मिलिमीटर सरकवतायत. ५५० चा कपॅसिटर बाजारात सहज मिळत नाही म्हणून ४७० आणि ८२ असे दोन माइका कपॅसिटर पॅरललमध्ये. १०० वॅटला कॉइलमधून सव्वादोन अँपिअर जातात, त्यामुळं सोल्डर नीट पाहिजे. आणि हे सगळं गेलं लोणच्याच्या बरणीत, झाकणाला एम-सील. मुंग्यांना पण बरणी आवडते, ते वेगळं.

एसडब्ल्यूआर १.१ आला. दुपारी हैदराबादच्या एका स्टेशननं उत्तर दिलं, रिपोर्ट ५९, म्हणजे स्पष्ट आणि जोरदार, पण आवाज वाऱ्यात नीट रेकॉर्ड झाला नाही.

हा शेवटचा भाग मे महिन्यातला. काळ्या जमिनीला भेगा पडल्यात, हात जाईल इतक्या. ओल गेली की जमिनीतला लॉस वाढतो, यंत्र आता २० ऐवजी २६ ओहम दाखवतंय. मला वाटलं कॉइल परत गुंडाळावी लागणार. नातीनं आकडा बदलला, ठिपका पुन्हा मधोमध आणला, आणि कॉइल तेवढीच निघाली, फक्त कपॅसिटर ५५० वरून ४३० वर आला.

गुरुजी बरणी उघडतात, मुंग्या झटकतात, डबीत ३९० चा शोधतात. सोबत ३९ चा लागेल. तो नातीच्या मुठीत आहे.