पोच घेतली का?

नमस्कार मंडळी. आज पॅरालीगलबद्दल बोलायचंय, म्हणजे काळा कोट नाही, कोर्टात उभं राहून युक्तिवाद नाही, पण कायद्याचा कागद ज्याला वाचता येतो असा माणूस. पण आधी मावशीचं सांगतो, राहवतच नाही.

पारोळ्याकडची आमची लांबची मावशी, तिचे यजमान वारले, कपाशीचं चार एकर, वारस नोंद करायची. बिचारी तीन चकरा मारून आली, दरवेळी कागद परत, का ते कोणी सांगेना. "माले काय समजस नही रे भाऊ" म्हणत माझ्याकडे आली, आणि मी एवढा शिकलेला, मलाही काही दिसेना! मग गावातल्या अंगणवाडी ताईंकडे गेलो, त्या विधी स्वयंसेवक आहेत, म्हणजे गावातल्या पॅरालीगलच. ताईंनी मृत्यू दाखला आणि सातबारा शेजारी शेजारी ठेवले, चष्मा पुसला, बोट ठेवलं. एकीकडे सुकलाल, दुसरीकडे सुखलाल. क आणि ख! एवढ्यासाठी तीन चकरा! दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं, अर्ज ताईंनीच लिहिला, झेरॉक्सवर शिक्का घेतला. मावशीला म्हणाल्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पंधरा दिवसांची हरकतीची मुदत संपली आणि फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची वारस नोंद, मंजूर. मावशीने शेवभाजी केली, आणि ती पण हिरव्या मिरचीची, लाल तिखटाची शेवभाजी मी मानतच नाही, असो.

तर हे शिकायचं कुठं? विधी स्वयंसेवक व्हायला दहावी चालते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ट्रेनिंग देतं, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहे, कोर्टातच विचारा. पगार नाही हां, काम केलेल्या दिवसाचं मानधन. अभ्यास करायचा तर बारावीनंतर इग्नू या मुक्त विद्यापीठाचा एक वर्षाचा पॅरालीगल डिप्लोमा, घरबसल्या. आणि वकीलच व्हायचं तर बारावीवर पाच वर्षं किंवा पदवीवर तीन वर्षं लॉ. परत सांगतो, स्वयंसेवक दहावीवर, डिप्लोमा बारावीवर. आमच्या पोरांना सगळ्यांना पोलीस भरतीच दिसते, हे पण बघा ना जरा.

आणि बायांनो, तुम्हाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यातच आहे ते. मोफत कायदेशीर मदतीचा नंबर लिहून घ्या, १५१००. एक, पाच, एक, शून्य, शून्य. मावशीने तो चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलाय.