चिठ्ठी नको, टोपीचा रंग विचारा
(बेळगावातल्या एका व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाशय, आणि समोर बसलेली माझी निम्मी गिऱ्हाइकं,

पत्रिकेत विषय छापलाय ‘डॉक्टरच्या चिठ्ठीविना सिरिंज : देशोदेशीचे कायदे’. पहिल्या प्रूफात ‘सिरिंज’चं ‘सितार’ झालं होतं. दुरुस्त केलं नसतं तर आज खुर्च्या कमी पडल्या असत्या. असो. देशोदेशीचं सांगतोच, पण आधी आपल्या गल्लीतलं.

आपल्या देशात मेडिकलमधून सिरिंज घ्यायला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. हे मी काऊंटरवर उभं राहून आयुष्यभर सांगत आलो, तरी निम्म्या गावाला पटत नाही, आणि दुकानदारांना तर अजिबात नाही. कायदा असा आहे बघा. 1940 चा औषध कायदा. त्याखाली 1989 साली केंद्रानं अधिसूचना काढली आणि एकदाच वापरायच्या सिरिंज, सुया, सलाइनचे सेट यांना औषधाच्या व्याख्येत घेतलं. तिथून पुढं सिरिंज बनवायला परवाना, विकायला परवाना. पुढं 2017 चे वैद्यकीय उपकरणांचे नियम आले, ते 2018 पासून लागू झाले. सगळं दुकानदारावर आणि कारखानदारावर. गिऱ्हाइकानं चिठ्ठी दाखवली पाहिजे असा ‘शेड्यूल एच’मध्ये जो भला मोठा पाढा आहे, त्यात अँटिबायोटिक्स आहेत, झोपेच्या गोळ्या आहेत. सिरिंज नाही.

मग दुकानात चिठ्ठी का मागतात? तोंडी आदेशामुळं. आमच्या धंद्यात लेखी नियमापेक्षा तोंडी आदेश जास्त चालतो. एक साहेब एकदा दुकानात आले, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, “सिरिंज जरा बघून देत चला, चिठ्ठी असल्याशिवाय नको.” मी म्हटलं, “साहेब, दोन ओळी लेखी द्या की, काचेवर लावतो.” साहेब हसले, चहा छान होता म्हणाले आणि गेले. लेखी काही आलं नाही. पण शेजारच्या चार दुकानांत तेव्हापासून चिठ्ठी सुरू झाली. आदेश कुणी काढला ते त्यांना विचारा, एकमेकांकडं बोट दाखवतील.

आता त्या मावशीची गोष्ट सांगतो. काहींनी ऐकलीय, त्यांनी पुन्हा ऐकावी. चंदगडकडच्या, शिनोळीच्या पलीकडच्या. बाजाराला बेळगावात आल्या होत्या. काष्टा, हातात कापडी पिशवी, पिशवीत वांगी. दुकानात येऊन बाजूला उभ्या राहिल्या. गर्दी ओसरल्यावर कनवटीतनं एक डबी काढली. कुंकवाची जुनी डबी. त्यात रुमालात गुंडाळलेली सिरिंज.

म्हणाल्या, “दादा, ह्याच्यासारखी दुसरी द्या.”

मी ती हातात घेतली. प्लास्टिक पिवळं पडलेलं, दांडा अडकत अडकत सरकतोय, आणि नळीवरचे आकडे सगळे गेलेले. एकसुद्धा रेघ शिल्लक नाही. चहाच्या भांड्यात उकळून उकळून धुऊन निघाले होते. मग माप कसं घेता? म्हणाल्या, “खूण केलीया की.” बघतो तर एके ठिकाणी गुलाबी रेघ. नातीच्या नखपॉलिशची! घरधन्याला रोज दोनदा त्या रेघेपर्यंत भरून इन्सुलिन. सुईचं टोक मी उजेडाला धरलं तर गळासारखं वळलेलं. बाटली कुठं ठेवता? माठात. पिशवीत बांधून पाण्याच्या वर टांगून. फ्रिज नाही घरात, पण ही अक्कल आहे. हे तंत्र त्यांना कोणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या, “डॉक्टरनीच.” त्या डॉक्टरला माझा नमस्कार.

सिरिंज नवी का नाही घेतली? तर आधी दुसऱ्या एका दुकानात गेल्या होत्या. काऊंटरवरच्या पोरानं चिठ्ठी मागितली. त्यांच्याजवळ चिठ्ठी होती, चुरगळलेली, तिकडच्या सरकारी दवाखान्याची. पोरानं बघितली आणि म्हणाला, “ही महाराष्ट्राची आहे, इकडं चालत नाही.”

मंडळी, सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं 2004 साली सुप्रीम कोर्टात घातला. तो अजून तिथंच आहे. ह्या पठ्ठ्यानं दहाएक रुपयांच्या सिरिंजवर तो काऊंटरवरच निकालात काढला! औषध कायदा केंद्राचा. कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडं एक आणि पलीकडं दुसरा असा नाही. इकडं कर्नाटकचे इन्स्पेक्टर आणि तिकडं महाराष्ट्राचे, एवढाच फरक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉक्टरची सही शिनोळीचा नाका ओलांडल्यावर पुसली जात नाही. आणि मुळात सिरिंजला सही लागतच नाही, हा मुद्दा तर त्या पोराच्या गावीही नाही. उलट इन्सुलिनला चिठ्ठी लागते, ते तो कदाचित हसत हसत देईल.

मी त्यांना चिठ्ठी मागितली नाही. एकच विचारलं, “मावशी, बाटलीवर काय लिहिलंय, चाळीस का शंभर?” त्यांना वाचता येत नव्हतं. पण टोपण सांगितलं, “आधीच्या सुईला लाल टोपी हुती.” काम झालं.

हा मुद्दा मात्र घरी घेऊन जा, बाकीचं विसरलात तरी चालेल. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक चाळीस युनिटच्या, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये 40 युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपीची. शंभर युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारंगी टोपीची. मुलगा पुण्याला किंवा बेंगळूरला असतो, प्रेमानं भारीतली नारंगी टोपीची पाकिटं घेऊन येतो. आई चाळीसच्या बाटलीतनं त्यात ‘20’पर्यंत भरते. किती गेलं? 20 नाही, 8 युनिट. साखर चढत जाते आणि सूनबाईवर संशय, की गोड कोण खायला घालतंय! उलटं झालं तर आणखी वाईट. शंभरच्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘20’पर्यंत भरलं, तर पोटात 50 युनिट जातात. माणूस झोपेतच बेशुद्ध. काऊंटरवर विचारायचा प्रश्न हा आहे. चिठ्ठी कुठाय हा प्रश्न दुकानदाराला वाचवतो. टोपी कुठली हा प्रश्न पेशंटला वाचवतो.

सिरिंज कशाकशाला लागते ते तुम्ही मला काय सांगणार! वडगावचे विणकर सुई मोडून मागाला तेल घालायला नेतात. उद्यमबागेतले कारखानदार मशीनला. शाई भरायला, आई मेलेल्या मांजराच्या पिल्लाला दूध पाजायला, आणि शिमग्यात पोरं तर पाकीटच मागतात. “ओ काका, सुई काढून द्या की!” ह्यांच्याकडं कुठल्या डॉक्टरची चिठ्ठी मागायची? खेड्यातला माणूस येऊन कानडीत “सूजी कोडरी”, म्हणजे सुई द्या, म्हणतो, तेव्हा मी एवढंच विचारतो, माणसाला का जनावराला.

जनावराचं निघालंच तर एक सांगतो. म्हशीला पान्हा सुटावा म्हणून ऑक्सिटोसिन टोचायची खोड आपल्याकडंही आहे. दूध वाढवायला असं काही टोचणं 1960 च्या प्राणिक्लेश कायद्याच्या कलम 12 खाली गुन्हा आहे. सरकारनं 2018 साली काय केलं? खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायलाच मनाई करायची आणि फक्त आपल्या बेंगळूरच्या सरकारी कर्नाटक अँटिबायोटिक्स कंपनीनं बनवायचं, असा हुकूम. दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात तो रद्द केला. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं, हा त्यातला कळीचा मुद्दा. गोठ्यातला चोर पकडायचा म्हणून प्रसूतिगृहाला कुलूप लावायचं, तशातली गत.

...अध्यक्षांनी आत्ता चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बघा, चिठ्ठी नको म्हणणाऱ्यालाच चिठ्ठी! बरं, आता देशोदेशीचं पळत पळत.

अमेरिका. तिथं मॉर्फिन आणि हेरॉइनच्या भीतीनं काही राज्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चिठ्ठीशिवाय सिरिंज विकायला बंदी केली. हेतू चांगला. नशा थांबली नाही, एक सुई दहा जणांत फिरू लागली. 1980 च्या दशकात एड्स आला आणि हिशेब अंगावर आला. 1992 साली कनेक्टिकट राज्यानं दहापर्यंत सिरिंज चिठ्ठीविना घ्यायला मोकळीक दिली. पाहणी झाली. ज्यांना विचारलं त्यांच्यात दुसऱ्याची सुई वापरणारे 52 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले, आणि रस्त्यावर विकत घेणारे मेडिकलकडं वळले. पोलिसांना झडतीत सुई टोचण्याचे प्रकारही कमी झाले, हे पोलिसांना पटवायला उपयोगी. न्यूयॉर्कनं 2001 साली अठरा वर्षांवरच्यांना दहापर्यंत मोकळीक दिली. मॅसॅच्युसेट्समध्ये 2006 साली गव्हर्नर रॉम्नी यांनी विधेयक अडवलं, विधिमंडळानं त्यांचा नकार ओलांडून ते मंजूर केलं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, तपशील सोडतो.

उलट उदाहरण इंडियाना राज्यातलं ऑस्टिन. लोकवस्ती चार-पाच हजार, आपल्याकडचं बऱ्यापैकी मोठं खेडं. 2015 साली तिथं सुयांमधून एचआयव्ही पसरला, आकडा दोनशेच्या आसपास गेला. सुया वाटायला राज्यात मनाई होती. शेवटी गव्हर्नर पेन्स यांना आणीबाणी जाहीर करून ती उठवावी लागली.

आपल्याकडं मणिपूर. 1996 सालीच त्या राज्यानं एड्सच्या धोरणात स्वच्छ सुया देण्याचं तत्त्व घेतलं, आणि आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात ठरावीक संस्थांमार्फत ते काम चालतं. पंजाबात 2018 साली उलट, काही जिल्ह्यांच्या प्रशासनानं चिठ्ठीशिवाय सिरिंज विकायला बंदी घातली. नशेचं थैमान होतं, लोक चिडले होते, समजू शकतं. पण त्याच वर्षी सप्टेंबरात देशाचा 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला, आणि त्याचं कलम 22 सांगतं की लागण टाळण्यासाठी केलेलं काम हा गुन्हा धरता येणार नाही. एका हातानं बंदी, दुसऱ्या हातानं संरक्षण!

बेळगाव-बागलकोटचा एचआयव्हीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, तो मुख्यतः सुईतनं आलेला नाही. तो विषय सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या देवदासींपासून सुरू होतो आणि त्याला वेगळं व्याख्यान लागेल. पण गुजरातेत मोडासाला 2009 साली हेपॅटायटिस बी कशानं पसरला? वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यानं, आणि तेही दवाखान्यांत. उत्तर प्रदेशात उन्नावकडं 2018 साली एचआयव्ही पसरला, त्यात भोंदू डॉक्टरच्या एकाच सुईचा संशय. हे नशेबाज नव्हते. सर्दी-तापाचे पेशंट होते. नवी सिरिंज जितकी सहज मिळेल तितका असला प्रकार अवघड. मावशीची नखपॉलिशची रेघ ह्याच हिशेबात येते.

वापरलेली सुई मात्र कचराकुंडीत टाकू नका. 2016 च्या घनकचरा नियमांनी ती घरगुती घातक कचऱ्यात धरली. जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, बूच घट्ट लावा, वर ‘सुई’ लिहा. घंटागाडीवाल्याच्या हाताला टोचली तर तो कुणाच्या नावानं बोंब मारणार?

मागच्या रांगेतनं एक हात वर आहे, आणि प्रश्न मला माहीत आहे. डोळे तारवटलेलं पोरगं आलं, हाताला डाग दिसतायत, त्याला सिरिंज देणार का? देणार. नाही दिली तर तो मित्राची वापरेल, हे अमेरिकेनं आपल्या खर्चानं शोधून काढलंय. सुईबरोबर दुसरं काही मागितलं, तर ते नाही मिळणार, तिथं चिठ्ठीच. आणि कागदी पिशवीवर दोन नंबर लिहून देतो, 1097 एड्सचा आणि 14446 व्यसनमुक्तीचा. त्याची आई दुसऱ्या दिवशी भांडायला आली तर तिलाही तेच नंबर, आणि बसायला स्टूल.

पुढचे प्रश्न बाहेर पायऱ्यांवर. खानापूरची बस पकडायची असेल त्यांनी आधी विचारा.