फोटोत नसलेला माणूस

घरातला जुना अल्बम काढा. बारसं, मुंज, महाबळेश्वरची सहल, हार घातलेली नवी स्कूटर. सगळे आहेत, फक्त बाबा कुठे नाहीत. कारण कॅमेरा त्यांच्याच हातात होता. 36 फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचा, संपला की धुवायला टाकायचा. गणपतीतले फोटो बघायला मिळायचे ते संक्रांतीला. त्यातही दोन हललेले.

उमरावसिंग शेरगिल हे असेच घरातले फोटोवाले. पण ते स्वतःच्या फोटोंत आहेत. पुन्हा पुन्हा आहेत.

जन्म 1870 चा. पंजाबातल्या मजिठिया सरदारांचं घराणं. संस्कृत आणि फार्सीचा व्यासंग. पोटासाठी फोटो काढायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. त्या काळी कॅमेरा ही श्रीमंतांचीच चैन होती, हेही खरं. पण चैन माणूस चार दिवस करतो. हे गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1940 च्या दशकापर्यंत फोटो काढत राहिले.

तरुणपणीचा हा फोटो पाहा. नुकतीच आंघोळ झालीय, केस मोकळे आहेत. आणि हा 1930 चा. पंधरा दिवसांच्या उपवासानंतरचा. साठीचा माणूस, अंगावर जेमतेम वस्त्र, आणि समोर स्वतःचाच कॅमेरा.

कुठल्या स्टुडिओत असा फोटो निघाला असता? तिथे गिऱ्हाईक इस्त्रीचा कोट घालून येतं, मागे रंगवलेला पडदा असतो, फोटोग्राफर हनुवटी धरून मान सरळ करतो. फोटो भिंतीवर लावायचा असतो ना! उमरावसिंगांना कुणाला खूश करायचं नव्हतं. उपवासानं आपलं शरीर कसं झालंय, हे त्यांना बघायचं होतं. मला तरी ते तसंच वाटतं. हौसेखातर फोटो काढणाऱ्याला मिळणारी मोकळीक ती हीच.

1912 मध्ये त्यांनी मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिकेशी लग्न केलं. बुडापेस्टमध्ये 1913 साली थोरली मुलगी झाली, पुढच्या वर्षी धाकटी, इंदिरा. 1921 मध्ये कुटुंब सिमल्याला आलं, 1929 मध्ये पॅरिसला गेलं. कॅमेरा बरोबर होताच. नटूनथटून बसलेल्या मुली, पियानो, पुस्तकं, आरसे, आणि नवऱ्यासमोर एखाद्या नटीसारखी उभी राहणारी बायको.

थोरली मुलगी म्हणजे अमृता शेरगिल. आज उमरावसिंगांची ओळखही ‘चित्रकार अमृताचे वडील’ अशीच करून दिली जाते. तिनं स्वतःची कितीतरी चित्रं रंगवली. स्वतःकडे असं टक लावून बघणं वडिलांकडून आलं, असं छातीठोकपणे कोण सांगणार? पण ती लहानाची मोठी झाली ती त्या कॅमेऱ्यासमोर, एवढं नक्की.

डिसेंबर 1941. लाहोरमध्ये अमृता गेली. वय 28. सात वर्षांनी मारी आंत्वानेतनं आयुष्य संपवलं. उमरावसिंग 1954 पर्यंत होते.

फोटो घरातच राहिले. पुढे ते इंदिरेच्या मुलाच्या हाती आले. तो मुलगा म्हणजे चित्रकार विवान सुंदरम. 2001 च्या सुमारास त्यानं आजोबांचे हे फोटो संगणकावर एकमेकांत मिसळले. वेगवेगळ्या वर्षांतली, वेगवेगळ्या शहरांतली माणसं एका खोलीत आली. तरुण अमृता आणि तिचे वडील शेजारी उभे राहिले.

हे सगळं पाहून मी आमचा अल्बम पुन्हा काढला. महाबळेश्वरच्या एका फोटोत आई डोळे बारीक करून उभी आहे, शेजारी आम्ही दोघं. ऊन पाठीवर घेऊन फोटो काढावा, हे तेव्हाचं शास्त्र. त्यामुळे खाली गवतावर, पार आमच्या पायांपर्यंत, एक लांब सावली आलीय. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, मान किंचित खाली.

इतकी वर्षं ती कुणी पाहिलीच नव्हती.