चिलखत, शेरवानी अन् फवारणीची किट

नमस्कार मंडळी, राम राम. जेवणं झाली असतील, नसतील झाली तर ताट घेऊन बसा अन् ऐका.

परवा गाविलगड पाहून आलो. चिखलदऱ्याला गेलं की लोक पॉइंट पाहतात, भुट्टे खातात अन् परत फिरतात, किल्ल्यात आत कोणी जात नाही. पंधराव्या शतकातला बहामनी किल्ला आहे, दारावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, कोरलेला आहे, तळी आहेत, अन् जिकडेतिकडे झाडोरा माजलेला. मी सुती सदरा घालून चढत होतो तरी घामानं पाठ चिंब, तेव्हा वाटलं, इथं पहाऱ्यावर उभा राहणारा गडी अंगावर लोखंड घालून काय करत असेल बाप्पा?

आता चिलखत म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट, महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलेलं अन् मंदिलाखाली जिरेटोप. हे आपल्याला शाळेतच पाठ झालेलं. पण ते अंगात घातल्यावर कसं लागतं हे शाळेत कोणी सांगत नाही, ते मला माझ्या भाच्यानं शिकवलं.

भाचा वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे. शिवजयंतीच्या झाँकीत त्याला मावळा व्हायचं होतं, अन् भाड्याचा चंदेरी ड्रेस नको म्हणे, खरं पाहिजे. मग लोखंडी तार सळईवर गुंडाळायची, कापून कड्या करायच्या, अन् एकेका कडीत चार चार कड्या ओवायच्या. खऱ्या जुन्या चिलखतात कडीचं तोंड बारीक रिबिट ठोकून बंद केलेलं असायचं, नाहीतर भाल्याच्या टोकानं कडी उघडते. यानं नुसती पकडीनं दाबली. पूर्ण दिवाळीपासून हाच धंदा, घरात झाडू मारला की कड्या निघायच्या. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवलं तर 14 किलो भरलं!

मिरवणुकीच्या दिवशी बनियनवर घातलं अन् निघाला. चौकापर्यंत ऐट. चौकाच्या पुढं चेहरा उतरला, कारण छातीचे केस कड्यात अडकून उपटत होते अन् सगळा भार खांद्यावर. हात वर करून तलवार दाखव म्हटलं तर हात वर जाईना. म्हणे, "मामा, काढा हे, खांदे तुटून राह्यले माहे." पोट्टे हसायले लागले. माझी आई ओट्यावरून पाहत होती, ती म्हणाली, "अरे पोट्ट्या, अंदरून रुईचं काही घाल ना! उघड्या अंगावर लोखंड घालते का कोणी?" अन् तिनं बाबांची जुनी रुई, म्हणजे कापूस, भरलेली बंडी काढून दिली. फेब्रुवारीतली आपल्याकडची दुपार, त्यात रुईची बंडी, त्यावर लोखंड. पण खरंच सांगतो, टोचणं थांबलं. मग घोडेवाला आला, वरातीत घोडा आणतो तोच, त्यानं पाहिलं अन् कमरेला शेला कसून बांधला, वरचं चिलखत थोडं ओढून शेल्यावर फुगवलं. भार खांद्यावरून कमरेवर आला, अन् पोरगा एकदम सरळ उभा! परत सांगतो, आतून रुई अन् कमरेला पट्टा, या दोन गोष्टींनी तेच 14 किलो अर्ध्यानं हलकं वाटायला लागलं. पुढं डीजे सुरू झाला अन् घोडा बिथरला ते वेगळं. डीजे बंदच झाला पाहिजे असं माझं मत आहे, भजनी मंडळाला काय धाड भरली होती, पण जाऊ द्या.

तर मंडळी, माझ्या आईनं जे सांगितलं तेच जुने कारागीर करायचे. कडी तलवारीची धार अडवते, पण मार बसतोच, हाड मोडू शकतं, तो मार खायला आत जाड रुई लागते. कुठं कुठं तर नुसती रुई भरून, टाके घालून शिवलेले अंगरखेच घालून लढायचे. वऱ्हाड तर रुईचाच मुलूख.

बंदुका सुधारल्या तशी चिलखतं गेली. 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीच्या फौजेनं हाच गाविलगड घेतला तेव्हा इंग्रज शिपायाच्या अंगावर लोखंड नव्हतं, लोकरीचा लाल कोट होता. लोकर! नशीब डिसेंबर होता. आता तुम्ही हसाल, पण आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्रीत नवरदेवाला शेरवानी घालतात ते काय कमी आहे का? त्या बिचाऱ्याला तर समोर शत्रूही नसतो.

आज आपल्याला कूलर आहे, फोमची गादी आहे, अन् त्यामुळं अंगावरचं जड काही सहनच होत नाही. हेल्मेट हँडलला लटकवतो, डोक्यावर घालत नाही. अन् सगळ्यात महत्त्वाचं, फवारणी. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारता फवारता विषबाधेनं माणसं गेली, हे आपण विसरलो नाही. तेव्हापासून किट घाला, किट घाला हे सगळे सांगतात, मीही सांगतो, मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, अन् वाऱ्याच्या उलट फवारू नका. परत सांगतो, वाऱ्याच्या उलट नको. पण मजूर म्हणतो, "भाऊ, त्या प्लास्टिकात जीव घाबरते," तर तो खोटं बोलत नाही. चिलखतवाल्यानं आत रुई दिली, कमरेला पट्टा दिला, तेव्हा गडी ते घालून उभा राहिला. मग किट बनवणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे की बाबांनो, ऑगस्टातल्या उघडिपीच्या दुपारी छातीएवढ्या पऱ्हाटीत, पाठीवर भरलेला पंप घेऊन, तुमचीच किट घालून एक तास फवारून दाखवा, अन् मग काय बदलायचं ते आमच्या मजुराला विचारा.